एकाच पोर्टफोलिओचे सहा आकडे येतायत, यातला पीडी (खातं डिफॉल्ट होण्याची शक्यता) कुठला धरायचा?

वसुली_ते_रिस्क

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एका वाहनकर्ज देणाऱ्या एनबीएफसीत (बिगर-बँक वित्त कंपनीत) आहे, आधी सहा वर्षं कलेक्शनचं एमआयएस बघायचे, म्हणजे कुठल्या ब्रँचचे किती नॅच (खात्यातून आपोआप कापायचे हप्ते) बाउन्स झाले, कुठली बकेट (थकलेल्या दिवसांचा गट) किती पुढे सरकली, रोज संध्याकाळी तेच काम. तीन महिन्यांपूर्वी मला रिस्क मॉडेलिंगला घेतलं आणि तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात बसत नाहीये, डिफॉल्ट मोजायचा तरी नेमका कसा. कलेक्शनमध्ये हप्ता आला का नाही आला एवढाच प्रश्न असायचा, इथे त्याच खात्यांवरून प्रत्येक जण वेगळा आकडा काढतोय आणि प्रत्येकाची खात्री आहे की आपलाच बरोबर.

खरे आकडे टाकता येणार नाहीत म्हणून बदलून, गोल करून देते. दुचाकी कर्जांचा एक गट आहे, १००० खाती, सगळी एकाच तिमाहीत वाटलेली, मुदत ३ वर्षं. कलेक्शनच्या महिनावार फाइलप्रमाणे पहिल्या वर्षी ३० खाती ९० दिवसांच्या पार गेली, म्हणजे डिफॉल्ट झाली, दुसऱ्या वर्षी आणखी ४८, तिसऱ्या वर्षी २८.

आता यावरून मी पहिल्या वर्षाचा पीडी काढला ३ टक्के. दुसऱ्या वर्षी ९७० खाती उरली होती म्हणून ४८ भागिले ९७०, ४.९५ टक्के, तिसऱ्या वर्षी २८ भागिले ९२२, ३.०४ टक्के. सरांनी लाइफटाइम पीडी विचारला तर मी तिन्हीची बेरीज करून १०.९९ सांगितला, शेजारचा म्हणाला चूक, १०.६ आहे. दुसरा म्हणाला वर्षाचा हवा असेल तर १०.६ ला ३ ने भाग, ३.५३. मग डेटा टीमने एका ३१ मार्चपासून पुढच्या ३१ मार्चपर्यंतचा स्नॅपशॉट लावून पहिल्या वर्षाचा डिफॉल्ट रेट दिला तो २.२ टक्केच. आणि फायनान्सवाले म्हणतात कशाला एवढा त्रास, आपला ग्रॉस एनपीए (एकूण कर्जात थकीत कर्जाचा वाटा) ४.१ टक्के आहे तोच घ्या की.

वर आमच्या जुन्या पीपीटीत एका पानावर मार्जिनल पीडी लिहिलंय, पुढच्या पानावर कंडिशनल पीडी, तिसरीकडे हझार्ड रेट, आणि आकडे जवळपास सारखेच. हे तिन्ही एकच आहे का? मला फॉर्म्युला पाठ करायचा नाहीये, नक्की काय मोजतोय ते कळायला हवंय. कुणी नीट समजावून सांगेल का प्लीज.

ठाणेकर_क्रेडिट

ताई, प्रश्न छान मांडलाय, बरीच वर्षं काम केलेले लोकही इथे अडकतात. तुमच्या सहापैकी ३ आणि १०.६ बरोबर आहेत, १०.९९ चूक आहे, ३.५३ ढोबळ अंदाजाला चालेल पण पीडीच्या व्याख्येत बसत नाही, २.२ बद्दल मला शंका आहे, आणि ४.१ ही वेगळीच वस्तू आहे.

डिफॉल्टचा कुठलाही आकडा समोर आला की आधी तीन गोष्टी विचारायच्या. वर काय मोजलंय, खाली कोण उभं आहे, आणि कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. तुमचा सगळा गोंधळ "खाली कोण" इथे आहे.

आढीत घातलेले आंबे डोळ्यासमोर आणा. १००० आंबे घातले, पहिल्यांदा आढी उघडली तेव्हा ३० नासके निघाले ते काढून टाकले, दुसऱ्यांदा उघडली तेव्हा ४८ निघाले. आता हे ४८ तुम्ही दोन तऱ्हेने सांगू शकता. सुरुवातीला घातलेल्या १००० पैकी ४८, म्हणजे ४.८ टक्के, हा झाला मार्जिनल. किंवा दुसऱ्यांदा हात घातला तेव्हा आढीत जे ९७० होते त्यातले ४८, म्हणजे ४.९५ टक्के, हा झाला कंडिशनल, म्हणजे इथपर्यंत टिकलेल्यांपैकी किती गेले. मार्जिनलमध्ये खाली कायम तेच १००० असतात म्हणून त्यांची बेरीज करता येते, ३ अधिक ४.८ अधिक २.८, बरोबर १०.६, हाच क्युम्युलेटिव्ह पीडी. कंडिशनलमध्ये खालचा आकडा दर वर्षी बदलतो, तिन्ही वेगवेगळ्या गटांचे टक्के आहेत, त्यांची बेरीज करायची नाही. तुमचं १०.९९ तिथून आलं.

कंडिशनलवरून क्युम्युलेटिव्हला जायचं तर टिकण्याचा गुणाकार करायचा. पहिल्या वर्षी ९७ टक्के टिकले, त्यातले दुसऱ्या वर्षी ९५.०५ टक्के, त्यातले तिसऱ्या वर्षी ९६.९६ टक्के. तिन्हीचा गुणाकार ८९.४, आणि १०० मधून वजा केलं की परत १०.६. एकदा हातानेच करून बघा, कागदावर, मग विसरत नाही.

वर्षाचा सरासरी पीडी हवा असेल तर ३ ने भागायचं नाही, ०.८९४ चं घनमूळ काढून १ मधून वजा करायचं, ३.६७ टक्के येतो. फरक थोडा आहे हे खरं, पण तो थोडा दिसतो कारण पीडी लहान आहे. आधीच ६० दिवस थकलेल्या खात्यांचा गट घ्या, तिथे वर्षाचा पीडी समजा ४० टक्के. महिन्याचा काढायला १२ ने भागलं तर ३.३३ येतो आणि बरोबर पद्धतीने ४.१७. आता हा फरक प्रोव्हिजनमध्ये (संभाव्य तोट्यासाठी बाजूला ठेवायच्या रकमेत) दिसतो बरं का.

हझार्ड रेट म्हणजे कंडिशनलचंच बारीक रूप, वर्षाऐवजी महिना, महिन्याऐवजी दिवस असं कमी करत गेलात की त्या क्षणाला टिकून असलेल्या खात्याच्या डिफॉल्टचा जो वेग उरतो तो. वर्षभर वेग सारखा धरला तर ३ टक्के पीडीचा हझार्ड ३.०५ टक्के येतो, म्हणून तुम्हाला पीपीटीत आकडे सारखे वाटले. पण ४० टक्के पीडीचा हझार्ड ५१ टक्के येतो आणि तो १०० च्या वरही जाऊ शकतो, कारण तो वेग आहे, शक्यता नाही. आणि एक लक्षात ठेवा, काही ठिकाणी कंडिशनललाच मार्जिनल म्हणायची सवय आहे, त्यामुळे नावावर जाऊ नका, छेदात कोण आहे ते बघा. पीपीटी लिहिणारा अजून तिथेच असेल तर सरळ विचारून घ्या.

आता ग्रॉस एनपीए. तो साठा आहे, पीडी ही आवक आहे. १०० कोटींच्या बुकात ५ कोटी एनपीए म्हणजे ५ टक्के. दिवाळीत जोरात विक्री झाली, ५० कोटी नवीन वाटले, तेच ५ कोटी आता १५० वर भागले की ३.३३ टक्के, एकाही थकीत खात्यात एक रुपया आलेला नाही तरी. वर ३ कोटी राइट-ऑफ केले तर २ भागिले १४७, १.३६ टक्के. एवढ्यात कर्जदार कुणीच सुधारला नाही. म्हणून बुक झपाट्याने वाढत असताना ग्रॉस एनपीएला पीडी म्हणणं धोक्याचं आहे आणि फायनान्सला हे उदाहरण त्यांच्याच आकड्यांवर करून दाखवा.

निवृत्त_शाखाधिकारी

ठाणेकरांनी हिशोब फार चांगला सांगितला. मी मॉडेलमधला माणूस नाही, पश्चिम महाराष्ट्रात सहकारी बँकेत ३१ वर्षं काढली, शेवटची नऊ शाखाधिकारी म्हणून, तेव्हा मला दुसऱ्या बाजूने सांगायचंय. ताई, तुम्ही म्हणता ३० खाती गेली, पण खातं "गेलं" हे ठरवलं कुणी? पीडी काढायच्या आधी हे ठरतं आणि तिथेच निम्मा आकडा ठरून जातो.

बँकांना ९० दिवसांचा नियम ३१ मार्च २००४ पासून आला, त्याआधी १८० दिवस होते. म्हणजे तेच खातं, तोच कर्जदार, तीच थकबाकी, आणि नियम बदलल्यावर डिफॉल्ट वाढले. कुणी जुना डेटा घेऊन लांबलचक आलेख काढत असेल तर हे आधी बघावं. एनबीएफसीतसुद्धा लहान कंपन्यांना २०२१ च्या नियमांनी टप्पे दिले होते, मार्च २०२४ पर्यंत १५० दिवस, मार्च २०२५ पर्यंत १२०, मार्च २०२६ पर्यंत ९०. आणि पीककर्जाला तर दिवसच लागू नाहीत, तिथे हंगाम मोजतात. कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकलं की एनपीए, वर्षापेक्षा जास्त चालणाऱ्या पिकाचं एक हंगाम थकलं की. आडसाली ऊस जुलैत लावला तर तो तोडायलाच दीडेक वर्ष जातं, त्यावर आणखी एक हंगाम थकबाकी, मग एनपीए. अशा खात्यांना १२ महिन्यांची खिडकी लावून पीडी काढलात तर जवळपास शून्यच येणार, कारण खातं एनपीए व्हायच्या आतच खिडकी बंद होते.

दुसरं म्हणजे नवं-जुनं. ज्यांनी सोसायटीची वसुली बघितलीय त्यांना सांगायला नको. मुदत संपत आली की शेतकरी चार-आठ दिवसांसाठी कुणाकडून तरी हातउसने पैसे उचलतो, व्यापारी, पाहुणे, कधी सावकार, सगळं कर्ज व्याजासकट भरतो, पावती होते, पुढच्या आठवड्यात नवीन कर्ज मंजूर होतं आणि त्यातून उसने परत जातात. मी स्वतः पाहिलेला एक जण, सलग पाच वर्षं वेळेत परतफेड, व्याज सवलत दर वर्षी मिळाली, खातं स्वच्छ. सहाव्या वर्षी उसने देणाऱ्या व्यापाऱ्याचंच दुकान बसलं आणि खातं पहिल्याच फटक्यात पूर्ण थकीत झालं. तुमच्या आकड्यांत तो पाच वर्षं उत्तम आणि सहाव्या वर्षी डिफॉल्ट दिसणार, प्रत्यक्षात त्याची भरण्याची ताकद पहिल्याच वर्षी संपली होती. त्याच्या डोळ्यांत ते दिसायचं हो, काउंटरला पावती घेताना. म्हणून मी म्हणतो, डिफॉल्ट कधी झाला आणि कधी नोंदला यात अंतर असतं आणि ते अंतर पीडीत येत नाही.

तिसरी गोष्ट, एकाचं थकणं आणि गावाचं थकणं. उसाच्या पट्ट्यात कर्ज ऊसबिलातून कापून घेतात. एफआरपी (उसाचा ठरवून दिलेला किमान भाव) ऊस गेल्यापासून १४ दिवसांत द्यायची असा नियम आहे, पण कारखान्याने बिल लांबवलं की एका खात्याची कपात थांबत नाही, त्या कारखान्याला ऊस घालणाऱ्या सगळ्या गावांची थांबते. दहा वर्षांची सरासरी काढलीत तर डिफॉल्ट रेट ३ टक्केच दिसेल, पण तो दर वर्षी ३, ३, ३ असा येत नाही, आठ वर्षं १ आणि मग दोन वर्षं अकरा टक्के असा येतो. सरासरी पीडी सांगणाऱ्याने हेही सांगावं, नाहीतर बँक ३ टक्क्यांच्या तयारीने बसते.

आणि कर्जमाफीची वर्षं वेगळी काढा. २०१७ ची आणि डिसेंबर २०१९ ला जाहीर झालेली. २०१९ च्या योजनेत ३० सप्टेंबर २०१९ ला थकीत असलेली २ लाखांपर्यंतची खाती धरली होती, त्या खात्यांत डिफॉल्ट खरा होता आणि वसुली पूर्ण दिसते, पण ती सरकारने भरलेली आहे, त्यावरून एलजीडी (डिफॉल्टनंतर कर्जाचा प्रत्यक्ष बुडणारा हिस्सा) काढून पुढच्या वर्षीच्या कर्जाला लावलात तर फसाल.

वसुली_ते_रिस्क

काका, ठाणेकर दादा, दोघांचेही मनापासून आभार. आढीचं उदाहरण आज टीममध्ये सांगितलं, सगळ्यांना एका मिनिटात कळलं. ते २.२ आणि ३ मधला फरक शोधायला आज बसले. महिनावार फाइलमध्ये ३० खाती ९० च्या पार गेलेली आहेत, स्नॅपशॉटमध्ये २२ च आहेत, म्हणजे ८ खाती कुठेतरी गेली. एकेक खातं उघडून पाहिलं.

२ खात्यांच्या गाड्या उचलून विकल्या आणि सेटलमेंट करून खातं बंद केलं, त्यामुळे मार्चच्या फाइलमध्ये ती नाहीतच. १ राइट-ऑफ झालं ते दुसऱ्या टेबलात गेलंय. उरलेली ५ चालू आहेत आणि ३१ मार्चला डीपीडी (किती दिवस थकलंय तो आकडा) ९० च्या खाली दाखवतायत. त्यातलं एक असं आहे, हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला, ५ सप्टेंबरपासून भरला नाही, पुढेही नाही. फेब्रुवारीत आमच्या माणसाने घरी जाऊन तीन हप्ते आणले, मार्चमध्ये आणखी दोन. ते जुन्यात जुन्या थकबाकीला लागले, त्यामुळे ३१ मार्चला सगळ्यात जुना न भरलेला हप्ता ५ फेब्रुवारीचा आणि डीपीडी ५४. डेटा टीमचं म्हणणं ३१ मार्चला ५४ म्हणजे डिफॉल्ट नाही. मला ते पटत नाहीये पण नेमकं उत्तर देता येईना.

ठाणेकर_क्रेडिट

ताई, तुम्हाला पटत नाहीये ते बरोबरच आहे, आणि अशी आठ खाती एकेक उघडून बघणारे फार कमी असतात, हे काम कधी सोडू नका.

१२ महिन्यांचा पीडी विचारतो की सुरुवातीला चांगलं असलेलं खातं पुढच्या १२ महिन्यांत कधीही डिफॉल्ट झालं का. शेवटच्या दिवशी ते कुठे उभं आहे हा प्रश्न तो विचारतच नाही. तुमच्या खात्याचे ४ डिसेंबरला दिवसअखेर ९० दिवस पूर्ण झाले, तिथे ते डिफॉल्ट झालं, विषय संपला. नंतर पैसे आले ही आनंदाची गोष्ट आहे पण तिची जागा एलजीडीत आहे. वसूल झालेलं पीडीतूनही वजा केलंत आणि एलजीडीतही कमी धरलंत तर एकाच पैशाचा फायदा दोनदा घेतला. माझ्या मते मॉडेलमधली ही सगळ्यात महाग चूक आहे, कारण ती दिसत नाही, दोन्ही आकडे आपापल्या जागी साधे सरळ वाटतात.

तसंच ५४ डीपीडी बघून ते एसएमए-१ (थकायला लागलेलं पण अजून एनपीए न झालेलं खातं) समजू नका. रिझर्व्ह बँकेचं १२ नोव्हेंबर २०२१ चं परिपत्रक आहे, त्यात स्वच्छ लिहिलंय की एकदा एनपीए झालेलं खातं स्टँडर्डमध्ये (चांगल्या खात्यांत) परत आणायचं तर व्याज आणि मुद्दल दोन्हीची सगळी थकबाकी भरलेली पाहिजे. नुसता काही हप्ते भरून डीपीडी खाली आला म्हणून चालत नाही. तुमच्या खात्याला फेब्रुवारीचा आणि मार्चचा हप्ता बाकी आहे, म्हणजे ३१ मार्चला ते एनपीएच आहे. डेटा टीमने डीपीडीचा कॉलम वापरला, एनपीए फ्लॅगचा वापरायला हवा होता, आणि त्याहून चांगलं म्हणजे पहिल्यांदा एनपीए झाल्याची तारीख हा वेगळा कॉलम ठेवायचा जो नंतर कुणी पुसत नाही.

बंद झालेली आणि राइट-ऑफवाली तीनही खाती परत घ्या. एआरसीला (थकीत कर्जं विकत घेणाऱ्या कंपनीला) काही खाती विकली असतील तर तीसुद्धा. सगळ्यात वाईट खाती अशीच फाइलमधून निघून जातात आणि उरलेली फाइल चांगली दिसते.

फ्रँकफर्टहून

मूळची नाशिकची, इथे फ्रँकफर्टला बँकेत मॉडेल व्हॅलिडेशन करते. थ्रेड वाचून राहवलं नाही. खातं बरं झालं का, या प्रश्नावर युरोपमध्ये २०२१ च्या सुरुवातीपासून एकसारखी व्याख्या आहे, सलग ९० दिवस थकबाकी, आणि ती रक्कम रिटेलला १०० युरोच्या वर आणि एकूण कर्जाच्या १ टक्क्याच्या वर हवी. शिवाय थकबाकी भरली की लगेच बरं म्हणत नाहीत, निदान तीन महिने खातं नीट चाललं पाहिजे, अडचणीत पुनर्रचना केलेलं असेल तर निदान एक वर्ष. हा थांबण्याचा काळ नसला की तेच खातं वर्षात दोनदा डिफॉल्ट होतं आणि दोनदा मोजलं जातं. तुमच्याकडे असा काळ मॉडेलपुरता तरी ठरवून घ्या.

दुसरं, एकच पीडी शोधू नका, कशासाठी हवाय ते विचारा. भांडवलासाठी बासेलमध्ये (बँकांच्या भांडवलाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत) जो पीडी असतो तो एक वर्षाच्या डिफॉल्ट रेटची दीर्घकाळाची सरासरी, चांगली वाईट वर्षं एकत्र, त्याला थ्रू द सायकल म्हणायची पद्धत आहे. प्रोव्हिजनसाठी, म्हणजे तुमच्याकडे इंड एएस १०९ (भारतीय लेखा मानक) साठी, आजची परिस्थिती आणि पुढचा अंदाज धरून पॉइंट इन टाइम पीडी लागतो. ५०० कोटींच्या वर नेटवर्थ असलेल्या एनबीएफसींना हे १ एप्रिल २०१८ पासून लागू आहे. काकांनी सांगितलेली आठ वर्षं १ आणि दोन वर्षं ११, त्यात भांडवलाच्या पीडीचं उत्तर सरासरी आहे आणि प्रोव्हिजनच्या पीडीचं उत्तर यंदा कारखान्याचं बिल आलंय का नाही यावर आहे.

आणि इथेच तुमचे मार्जिनल, क्युम्युलेटिव्ह कामाला येतात. स्टेज १ च्या, म्हणजे नीट चालू असलेल्या, खात्याला १२ महिन्यांचा पीडी. ३० दिवसांच्या वर थकलं की साधारण स्टेज २, तिथे उरलेल्या आयुष्याचा पीडी. उरलेल्या, हा शब्द महत्त्वाचा. एक वर्ष पार केलेल्या खात्याला १०.६ लावायचा नाही, कारण त्यातला पहिल्या वर्षाचा धोका त्याने ओलांडलाय, त्याला ७६ भागिले ९७०, ७.८४ टक्के. अर्थात स्टेज २ ची खाती आधीच थकायला लागलेली असतात, त्यांचा पीडी या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त असतो, तेव्हा बकेटप्रमाणे वेगळा काढा. आणि ईसीएल (अपेक्षित तोटा) काढताना प्रत्येक वर्षाचा मार्जिनल पीडी गुणिले त्या वर्षीची शिल्लक रक्कम गुणिले एलजीडी, आणि ते आजच्या किमतीला आणायचं. दुचाकीत हप्त्याने शिल्लक भराभर उतरते, सगळा १०.६ पहिल्या दिवसाच्या ८०,००० रुपयांवर लावलात तर प्रोव्हिजन उगाच फुगते.

अजून एक, तुमचा गट २०१९-२० च्या आसपासचा असेल तर १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० चा मोरेटोरियम (हप्ते पुढे ढकलायची सवलत) आणि नंतर ३ सप्टेंबर २०२० चा, खाती एनपीए जाहीर न करण्याचा सुप्रीम कोर्टाचा अंतरिम आदेश, जो २३ मार्च २०२१ ला उठला, हे दोन्ही तारखांसकट डेटावर लिहून ठेवा. त्या काळात कितीतरी खाती एनपीए म्हणून नोंदलीच गेली नाहीत आणि आदेश उठल्यावर एकदम आली. आलेखात तो डोंगर दिसतो, लोकांनी त्याच महिन्यात हप्ते थांबवले असं त्यातून वाटेल, तसं नाहीये.

वसुली_ते_रिस्क

ताई, उरलेल्या आयुष्याचं तर मला अजिबातच सुचलं नव्हतं, आमच्या शीटमध्ये सगळ्या स्टेज २ ला सरसकट पहिल्या दिवसाचाच लाइफटाइम पीडी लागलाय, तो आधी बदलून घेते. २.२ चे ३ झाले, सरांना ती आठ खाती प्रिंट काढून दाखवली, त्यांनी डेटा टीमला फ्लॅग वापरायला सांगितलं.

एक शेवटचं विचारते. मुदतीआधी बंद होणारी खाती मी धरलीच नव्हती. पहिल्या वर्षी ६० जणांनी कर्ज आधीच फेडलं, दुसऱ्या वर्षी १२०. मग दुसऱ्या वर्षी खाली ९७० नाही, ९१० आले ना? आणि तिसऱ्या वर्षी ७४२. तसं केलं तर ५.२७ आणि ३.७७ येतंय आणि टिकण्याचा गुणाकार केला तर क्युम्युलेटिव्ह ११.५८, पण प्रत्यक्षात तर १००० पैकी १०६ च गेली. आता परत दोन आकडे.

ठाणेकर_क्रेडिट

हिशोब अचूक आहे तुमचा. हीच कॅप्लान-मायर पद्धत, १९५८ ची, आधी दवाखान्यातल्या रुग्णांच्या डेटासाठी जास्त वापरली गेली, मध्येच निघून गेलेल्यांना त्या दिवसापर्यंतच मोजायचं. ११.५८ सांगतो की कुणीच आधी फेडलं नसतं तर किती गेले असते. १०.६ सांगतो की जसे लोक प्रत्यक्षात फेडतात तसेच फेडत राहिले तर किती जातात. दोन्ही वापरता येतात, फक्त जोडी नीट लावा. ११.५८ मधले पीडी घेतलेत तर ईएडीत (डिफॉल्टच्या वेळच्या शिल्लक रकमेत) मुदतीआधी फेडणाऱ्यांचा परिणाम वेगळा धरावा लागेल, १०.६ घेतलात तर तो पीडीतच आलेला आहे, ईएडीत परत धरायचा नाही. तेच, एका गोष्टीला दोनदा मोजायचं नाही.

मात्र एक तपासा. ही पद्धत धरून चालते की जे आधी निघून गेले त्यांचा धोका उरलेल्यांसारखाच होता. दुचाकीत बहुतेक वेळा हातात पैसा आलेला माणूस कर्ज आधी फेडतो, म्हणजे चांगले लोक जातात, तेव्हा ११.५८ थोडा जास्तच असणार. पण त्या १८० मध्ये तुमच्याच कंपनीने टॉप-अप देऊन जुनं खातं बंद केलेले किती आहेत ते शोधा, आणि टॉप-अपच्या दिवशी त्यांचा डीपीडी किती होता तेही. ती खाती बंद झालेली नाहीत, नवीन नंबराने चालू आहेत.

निवृत्त_शाखाधिकारी

हे तर नवं-जुनंच झालं. ताई, कस्टमर आयडीवरून जोडा, खाते नंबरावरून सापडणार नाहीत. आमच्याकडे सातबाऱ्यावरून जोडावं लागायचं.

वसुली_ते_रिस्क

काका, आत्ता जोडून बघितलं. १८० पैकी ३४ टॉप-अप आहेत आणि त्यातल्या ११ जणांचा त्या दिवशी डीपीडी ६० च्या वर होता. उद्या या ११ ची नवीन खाती पुढे कशी चालली ते काढते आणि इथेच टाकते.